हत्तींची नोंदवही कोणाची?

कौटिलीय अर्थशास्त्रांत नागवनांच्या रक्षणासंबंधीं एक मोठें मनोरंजक प्रकरण आहे. नागवनपालांनीं आपल्या अंगाचा वास हत्तीच्या मूत्रानें व लिदीनें झांकावा, बिब्ब्याच्या डहाळ्यांआड दडून पांच-सात शिकविलेल्या हत्तिणींसह रानांत हिंडावें, आणि हत्तींच्या निजण्याच्या जागा, पावलांचे माग, लीद व ढांसळलेले नदीकांठ यांवरून कळपांचा अदमास घ्यावा, असें त्यांत सांगितलें आहे. एवढ्यानें भागत नाहीं. कळपांत चालणारा कोणता, एकटा हिंडणारा कोणता, कळपाचा नायक कोणता, मदोन्मत्त कोणता, छावा कोणता आणि बंधनांतून सुटलेला कोणता, याची लेखी नोंदहि त्यांनीं ठेवावयाची आहे. हत्ती मारणारास देहान्त शिक्षा, आणि आपोआप मेलेल्या हत्तीचे दोन्ही सुळे आणून देणारास सव्वाचार पण बक्षीस, असा निर्बंधहि तेथेंच आहे. वन्य प्राण्यांची मोजदाद आपण पाश्चात्यांकडून शिकलों अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं हें प्रकरण एकवार डोळ्यांखालून घालावें.

ही वही अर्थात् राजाची होती. राजाचा विजय हत्तींवर अवलंबून असे. म्हणून कोणत्या रानांत किती हत्ती आहेत हें शत्रूस कळणें म्हणजे आपल्या सेनेचें बळच त्यास कळणें होतें. ती वही झांकून ठेवणें हा राजधर्मच म्हटला पाहिजे. आज कोणताहि राजा हत्तींच्या बळावर लढत नाहीं. वही मात्र पूर्वीपेक्षां शतपट मोठी झाली आहे, आणि ती झांकून ठेवण्याची संवय, तिचें मूळ कारण नाहींसें झालें तरी, अनेक ठिकाणीं शिल्लक आहे. राजांकडून ती सरकारांकडे आली, आणि सरकारांकडून शास्त्रज्ञांकडेहि गेली. हत्तींविषयीं मिळविलेलें ज्ञान कोणाच्या मालकीचें, तें सर्वांस खुलें असावें कीं नसावें, आणि नसावें तर कोणाच्या भल्यासाठीं, हा प्रश्न आम्हांस वाचकांपुढें ठेवावयाचा आहे. वरवर पाहतां हा कचेरीच्या दप्तराचा प्रश्न दिसतो. पण तो नीतीचा आहे, आणि त्याच्या उत्तरावर जनावरांचेच नव्हे तर माणसांचेहि प्राण अवलंबून आहेत.

प्रथम या नव्या वहींत काय असतें तें पाहूं. आपल्या देशांत २०२१ ते २०२५ या काळांत झालेल्या गणनेचा अहवाल ऑक्टोबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाला. रानोरान हिंडून लिदीचे २१,०५६ नमुने गोळा करण्यांत आले, त्यांतील डी. एन. ए. तपासून ४,०६५ निरनिराळे हत्ती ओळखण्यांत आले. आणि त्यावरून गणित करून देशांत सुमारें २२,४४६ हत्ती असावेत असा अंदाज बांधण्यांत आला. कौटिल्याच्या नागवनपालास यांतील निम्में काम तरी ओळखीचें वाटलें असतें! २०१७ च्या गणनेंतील आंकडा २७,३१२ होता. परंतु दोन्ही रीती भिन्न असल्यामुळें एकांतून दुसरा वजा करूं नये असें सांगण्यांत येतें. तें योग्यच आहे. मात्र सामान्य मनुष्यास पडणारा प्रश्न त्यानें सुटत नाहीं. हत्ती खरोखर घटले, कीं मोजणीच सुधारली? हें पारखावयाचें तर शेवटचा आंकडा पुरत नाहीं. नमुने कोठें घेतले, किती रान पायांखालीं घातलें, गणित कोणतें केलें, हें सर्व पारखणाराच्या हातीं असावें लागतें. न्यायाधीशाचा निकाल तेवढा छापला आणि साक्षीपुरावा कपाटांत ठेवला तर निकाल बरोबर असूनहि लोकांचा त्यावर विश्वास बसत नाहीं, तसेंच हें आहे.

लिदीशिवाय दुसरीहि साधनें आहेत. विमानांतून कळप मोजतात. कानांच्या फाटलेल्या कडांवरून एकेक हत्ती ओळखून त्यास नांव देतात. गळपट्टा बांधून उपग्रहाच्या द्वारें त्याची वाटचाल तासातासास टिपतात. हीं सर्व कामें निरनिराळ्या देशांतील निरनिराळ्या मंडळ्या करतात. आपल्याकडील अंधगजन्याय सर्वांच्या परिचयाचा आहे. कोणी सोंड चांचपतो, कोणी पाय, कोणी शेपूट, आणि जो तो आपल्या हातीं लागलें तेंच खरें मानतो. पण त्या गोष्टींतले आंधळे निदान मोठ्यानें बोलत तरी होते! आमच्या काळांतील आंधळ्यानें आपल्या वांट्याच्या अवयवावर कुलूप घालून किल्ली खिशांत ठेवली आहे.

कुलपें उघडलीं म्हणजे काय होतें याचें एक उदाहरण थोडें विस्तारानें सांगण्यासारखें आहे. अमेरिकेंतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे सॅम्युएल वॉसर यांनीं आफ्रिकेच्या निरनिराळ्या भागांतून हत्तींची लीद व ऊतींचे नमुने मिळवून, कोणत्या प्रदेशांतील हत्तींचें आनुवंशिक लक्षण कसें असतें याचा एक नकाशाच तयार केला, आणि ती रीत २००४ सालीं प्रसिद्ध केली. आतां चोरटा हस्तिदंत पकडला कीं त्यांतील कणभर तुकड्यावरून तो हत्ती कोणत्या रानांतला होता हें सांगतां येऊं लागलें. २००२ सालीं सिंगापूर येथें सुमारें साडेसहा टन हस्तिदंत जप्त झाला होता. तो जहाजावर चढला होता मलावी देशाच्या वाटेनें. तपासाअंतीं त्यांतील हत्ती मुख्यतः झांबिया व त्याच्या आसपासच्या रानांतले ठरले. पुढें १९९६ ते २०१४ या काळांतील २८ मोठ्या जप्तींची तपासणी २०१५ सालीं प्रसिद्ध झाली, तेव्हां अलीकडील बहुतेक कत्तल आफ्रिकेंतील मोजक्याच प्रदेशांत, विशेषतः टांझानिया-मोझांबिक यांच्या सीमेवरील रानांत आणि गॅबन-काँगो-कॅमेरून यांच्या संगमाजवळील घनदाट अरण्यांत होत असल्याचें दिसून आलें. २०१८ सालीं याहून विलक्षण गोष्ट उजेडांत आली. एकाच हत्तीचा एक सुळा एका जहाजांत व दुसरा दुसऱ्या जहाजांत सांपडे. अशा जोड्या जुळवितां जुळवितां मोंबासा, एंटेब्बे आणि लोमे या तीन ठिकाणांहून माल पाठविणाऱ्या तीन मोठ्या टोळ्यांचा माग लागला.

या कथेंतील नीतीचा भाग कोठें आहे तो वाचकांनीं पाहावा. एकट्या देशाजवळ असलेले लिदीचे नमुने त्या देशास जवळजवळ निरुपयोगी होते. शेजाऱ्याचे नमुने शेजारीं ठेवले तेव्हांच नकाशा झाला. आणि सुळ्यांची जोडी तर एका बंदराच्या दप्तरांत जुळणेंच शक्य नाहीं. ती जुळावयास दोन सरकारांचीं दप्तरें एका मेजावर यावीं लागतात. हें ओळखूनच वन्य प्राण्यांच्या व्यापारासंबंधींच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें २०१३ सालीं असा ठराव केला कीं, ५०० किलोग्रॅम किंवा अधिक हस्तिदंत पकडला गेल्यास ९० दिवसांच्या आंत त्याचे नमुने शास्त्रीय तपासणीसाठीं द्यावेत. ठराव म्हणजे विनंती. ती मानणें न मानणें ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहतें. उलट २०१९ सालीं इलिनॉय विद्यापीठांतील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'लॉक्सोडोंटा लोकलायझर' नांवाचें एक साधन सर्वांस मोफत खुलें केलें. जप्त हस्तिदंतांतील आनुवंशिक अक्षरमाला त्यांत घातली कीं तशीच माला आफ्रिकेंत पूर्वी कोठें आढळली आहे तें कळतें. लहान देशाच्या जकात अधिकाऱ्यास आतां निदान पहिला तपास करण्यासाठीं कोणाच्या दारीं उभें राहावें लागत नाहीं. आमच्या मतें ज्ञान देण्याची खरी रीत ही होय.

मग सरकारें वही कां झांकतात? कारण पुष्कळदां तींत लाजिरवाणें कांहीं लिहिलेलें असतें. टांझानिया देशांत २००९ सालीं १,०९,०५१ हत्ती असल्याचा अंदाज होता. २०१४ सालीं तो ४३,३३० वर आला. पांच वर्षांत शेंकडा साठ हत्ती नाहींसे झाले, आणि ते सरकारच्या राखीव रानांतून! असला आंकडा स्वतःच्या तोंडानें सांगणें कोणत्याहि मंत्र्यास सुखाचें होणार नाहीं. तरी २०१५ च्या जूनमध्यें तो जाहीर झाला. पुढच्याच वर्षीं आफ्रिकेंतील अठरा देशांच्या मोठ्या हत्तीगणनेचे निष्कर्ष कोणासहि मोफत वाचतां येणाऱ्या नियतकालिकांत छापून आले. त्यांत ३,५२,२७१ हत्तींची नोंद असून संख्या दरसाल शेंकडा आठ या वेगानें घटत असल्याचें स्पष्ट म्हटलें होतें. लाज वाटली ती जगासमक्ष वाटली, आणि म्हणूनच तिचा उपयोग झाला. रोग्याच्या नाडीचे ठोके त्याच्या नातलगांपासून लपविणारा वैद्य रोग्यावर दया करीत नसतो. तो आपली अब्रू वांचवीत असतो.

येथपर्यंत आमचें म्हणणें ऐकून एखादा विचारी वाचक म्हणेल, "ठीक आहे; पण वही उघडी टाकली तर ती चोरहि वाचील." हा आक्षेप पोकळ नाहीं, आणि खुलेपणाचे कैवारी त्यास फार स्वस्तांत उडवून लावतात असें आम्हांस वाटतें. दक्षिण चीनमधील एका पालीचें वर्णन १९९९ सालीं शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलें, व शास्त्राच्या शिरस्त्याप्रमाणें ती कोठें सांपडते तेंहि छापलें. हौशी लोकांस दुर्मिळ प्राणी पुरविणाऱ्या व्यापाऱ्यांनीं तो मजकूर वाचला आणि त्या ठिकाणच्या पाली वेंचून संपविल्या. ज्यानें तिला जगापुढें आणलें त्याच्याच लेखणीनें तिचा घात झाला. २०१७ सालीं लिंडेनमायर व शील या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनीं तर, दुर्मिळ प्राण्यांचीं ठिकाणें मुळींच छापूं नयेत, असें आपल्या व्यवसायबंधूंस उघड बजावलें. आपल्याकडेहि २०१३ सालीं पन्ना येथील एका वाघाच्या गळपट्ट्याकडून येणारी माहिती ज्या शास्त्रज्ञाच्या ई-मेलच्या पेटींत जमा होत असे, ती पेटी उघडण्याचा प्रयत्न झाला. सुदैवानें तो फसला. प्रयत्न पुण्याहून झाल्याचें वृत्त तेव्हां आलें होतें. आमच्या विद्येच्या माहेरघरास तें भूषणावह नव्हतें, हें सांगावयास नकोच.

तेव्हां, आज या घटकेस लांब सुळ्यांचा अमुक हत्ती अमुक पाणवठ्यावर उभा आहे, ही गोष्ट जगजाहीर करावी असें कोणीहि शहाणा म्हणणार नाहीं. आम्हीहि म्हणत नाहीं. पण या एका गोष्टीच्या आड किती निराळ्या गोष्टी दडविल्या जातात तें पाहावें! आजचा ठावठिकाणा झांकण्यास जें कारण आहे तें तीन वर्षांपूर्वींच्या ठावठिकाण्यास बहुधा लागूं पडत नाहीं. हत्तींच्या एकूण संख्येस तर मुळींच नाहीं. मेलेल्या हत्तींच्या यादीस, जप्तीच्या वजनास, गणिताच्या रीतीस तें कसें लागूं पडावें? चोरास संख्या कळून काय करावयाचें आहे? त्यास रान ठाऊकच असतें. नसतें तें आम्हांस. "शिकाऱ्यांच्या भयानें" असा शेरा मारून संबंध दप्तर बांधून ठेवणें म्हणजे घरांत एक विषाची बाटली आहे म्हणून सगळ्या कोठीस टाळें लावून मुलांस उपाशी ठेवण्यासारखें आहे. वस्तुतः सांगण्याची जबाबदारी सांगणारावर नसून झांकण्याची जबाबदारी झांकणारावर असावयास पाहिजे. अमुक नोंद उघड केल्यानें हत्तीचें अमुक नुकसान होईल, असें त्यानें दाखवावें. नुकसान हत्तीचें असावें. खात्याचें, मंत्र्याचें किंवा प्राध्यापकाचें असून चालणार नाहीं.

आणि आजच्या ठावठिकाण्याविषयींहि शेवटचा शब्द बोलण्यापूर्वी तामिळनाडूंतील वालपराईकडे एकदां पाहावें. अनमलई डोंगरांतील हें सुमारें २२० चौरस किलोमीटरचें पठार चहाच्या मळ्यांनीं व्यापलें आहे. मळ्यांच्या मधून रानाचे तुकडे आहेत, आणि हत्तींचे कळप या तुकड्यांतून त्या तुकड्यांत जात असतात. मळ्यांतील मजूर सायंकाळीं बसमधून उतरून अंधारांत घराकडे चालूं लागे, आणि वळणावर हत्तीशीं गांठ पडे. बहुतेक मृत्यु असे घडत. हत्ती चवताळलेला असे म्हणून नव्हे, तर तो तेथें आहे हें माणसास ठाऊक नसे म्हणून. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेच्या कार्यकर्त्यांनीं कळपांवर नजर ठेवून २०११ पासून अशी व्यवस्था केली कीं, कळप ज्या भागांत असेल त्याच्या आसपासच्या लोकांस मोबाईलवर संदेश जावा, आणि मोक्याच्या जागीं खांबांवर बसविलेले तांबडे दिवे गांवच्याच माणसानें फोन करून लावावेत. दिवा लागला कीं मजुरानें दुसरी वाट धरावी किंवा सोबतीची वाट पाहावी. माणसें मरण्याचें प्रमाण पुष्कळ उतरलें. आणि माणूस मेला नाहीं म्हणजे हत्तीवरचा रागहि वाढत नाहीं.

हत्ती या क्षणीं कोठें आहे ही जी गोष्ट हस्तिदंताच्या दलालास सांगणें पाप, तीच गोष्ट वालपराईच्या मजूर बाईस न सांगणें हें पाप ठरलें! ज्ञान तेंच, ऐकणारा निराळा. यावरून आम्हांस असें दिसतें कीं, 'खुलें कीं बंद' अशी नुसती जोडी मांडून या प्रश्नाचें उत्तर निघणार नाहीं. कोणाचें देणें प्रथम, हें पाहावें लागेल. ज्याच्या अंगणांतून हत्ती जातो, ज्याचें पीक तो तुडवितो, ज्याच्या जिवास धोका आहे, त्याचें देणें सर्वांत आधीं फेडलें पाहिजे. शास्त्रज्ञांच्या सभेंत वाचलेला निबंध त्यानंतर.

हें देणें कायद्याच्या बाजूनेंहि येतें. निलगिरीच्या पायथ्याशीं सिगूर पठारावर तामिळनाडू सरकारनें २०१० सालीं हत्तींचा जाण्यायेण्याचा मार्ग जाहीर केला. त्या जागेंत विश्रामगृहें बांधणारे व जमीनमालक न्यायालयांत गेले. अखेर १४ ऑक्टोबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मार्गाची घोषणा कायम केली आणि मालकांच्या तक्रारी ऐकण्यासाठीं एक समिति नेमली. निकाल हत्तींच्या बाजूनें लागला याचा आम्हांस आनंद आहे. पण मालकांच्या तक्रारींत एक मुद्दा होता तो विसरतां येत नाहीं: तज्ज्ञांनीं सांगितलेल्या मार्गापेक्षां सरकारनें अधिक जमीन घेतली, असें ते म्हणत होते. तें खरें असो वा नसो, ज्याची जमीन जावयाची त्यास हत्तींच्या वाटेचा नकाशा, ती वाट कशी ठरविली याच्या नोंदींसह, पाहण्याचा हक्क नाहीं असें कोण म्हणेल? नोंदी उघड असतील तर लबाड मालकाचा खोटा आक्षेप तेथल्या तेथें खोडला जातो, आणि गरीब शेतकऱ्याचा खरा आक्षेप ऐकला जातो. २०२३ सालीं केंद्र सरकारनें पंधरा राज्यांतील दीडशें हत्तीमार्गांचा अहवाल प्रसिद्ध केला आहे. तेव्हां असे वाद पुढेंहि होणार.

शास्त्रज्ञांची एक तक्रार राहिली. एखादा तरुण चार पावसाळे जळवा आणि हिंवतापाशीं झगडत नोंदी जमवितो. त्या पहिल्याच दिवशीं जगापुढें ठेवल्या तर दूरच्या श्रीमंत विद्यापीठांत मोठा संगणक बाळगणारा कोणी महिन्याभरांत निबंध लिहून कीर्ति मिळवितो. ही तक्रार रास्त आहे, विशेषतः ती आफ्रिकेंतील वा आपल्या देशांतील विद्यार्थी करतो तेव्हां. त्यास वर्षा-दोन वर्षांची मुदत द्यावी, त्याचें नांव प्रथम छापावें. पण मुदत ही मुदत असावी. वारसाहक्क होऊं नये. आणि त्या तरुणानेंहि एवढें मनांत आणावें कीं, माग काढून देणारा काडर किंवा कुरुंब, रात्रभर मचाणावर बसणारा वनरक्षक, यांच्या वांट्यास बहुधा निबंधाच्या शेवटची आभाराची ओळहि पुरती येत नाहीं. पुष्कळदां तर निबंध अशा नियतकालिकांत निघतो कीं, ज्या रानाविषयीं तो लिहिला त्या रानाच्या अधिकाऱ्यास तो वाचावयाचा झाल्यास पदरचे पैसे मोजावे लागतात. याला व्यवहार म्हणतात. आम्हांस दुसरा शब्द सुचतो, पण तो लिहिण्यासारखा नाहीं.

आपल्या प्रांताचा या प्रश्नाशीं काय संबंध, असें कोणी विचारील. अर्थशास्त्रांत देशोदेशींच्या हत्तींची प्रतवारी दिली आहे. कलिंग व अंग देशचे उत्तम, सौराष्ट्राचे कनिष्ठ, आणि अपरान्ताचे, म्हणजे आपल्या कोंकणपट्टीचे, मध्यम! पुढें कोंकणी माणसास हत्ती देवळांत नाहीं तर दसऱ्याच्या मिरवणुकींतच दिसूं लागला. २००२ सालापासून मात्र कर्नाटकांतील रानांतून हत्ती पुन्हां सिंधुदुर्गांत, दोडामार्गाकडे उतरले. २०२१ सालीं छत्तीसगडच्या बाजूनें एक कळप गडचिरोलींत आला. माड, केळी, सुपारी, भात यांची नासाडी झाली कीं सरकारी माणूस येऊन पंचनामा करतो: तारीख, गट नंबर, किती माड पाडले, किती केळी खाल्ल्या. नुकसानभरपाईसाठीं केलेले हे कागद म्हणजे नकळत लिहिली गेलेली हत्तींची रोजनिशीच होय, आणि तिचा मजकूर पुरविणारा दुसरा कोणी नसून तो शेतकरीच आहे. हे पंचनामे गांववार व महिनावार लावून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर टांगण्यास काय हरकत असावी? त्यांत कोणाचें नांव नको, रुपयांचा हिशेब नको. कळप कोणत्या पंधरवड्यांत कोणत्या ओढ्यानें उतरला आणि किती दिवस राहिला, एवढें पुरे. केळीची नवी बाग कोणत्या अंगास लावावी हें शेतकऱ्यास पावसापूर्वीं ठरवावें लागतें, तेव्हां ती वही त्यास मृगापूर्वीं पाहावयास मिळाली पाहिजे.